डोक्याचा आजार पोटात निघाला

आमच्या घरात वेड आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. माझे चुलते तात्या हे आबांपेक्षा, म्हणजे माझ्या वडिलांपेक्षा, चार वर्षांनी लहान. दोघे भाऊ घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करायचे. जमीन होती दीड एकर, मुरमाड. बाजरी आली तर आली. सगळं घर बाजारावर चालायचं. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही आठ माणसं आणि भिंतीला भिंत लावून गोठा. पावसाळ्यात गोठ्यातलं पाणी उंबऱ्याच्या आत यायचं आणि आई ते ताटलीने उपसायची.

मी चौथीत असताना तात्याचं डोकं फिरलं असं लोक म्हणू लागले. तो बाजारात जाईना. कोपऱ्यात बसून थरथरायचा, कुणी हाक मारली तरी दचकायचा. देवऋषी झाले, अंगारे झाले. तो रस्त्यावर पळायला लागल्यावर आबांनी त्याला गोठ्यातल्या मेढीला, लाकडी खांबाला, बांधलं. म्हशीच्या शेजारी, म्हशीच्याच दाव्याने. शाळेतून आल्यावर त्याला पाणी पाजायचं काम माझ्याकडे होतं. एका सकाळी दावं सुटलेलं दिसलं. तिसऱ्या दिवशी पाटाच्या कडेला त्याचं प्रेत सापडलं.

त्यानंतर आमच्यातलं कुणी जेवता जेवता जरा गप्प झालं, तरी आई त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

अशा घरातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. मग बी.एड. मग माध्यमिक शाळेत विज्ञानाचा शिक्षक. हे मिरवण्यासाठी सांगत नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला बोलू? मिरवण्यासाठीच सांगतो. आमच्या गल्लीत मला 'सर' म्हणतात आणि ते ऐकायला मला आवडतं. ह्या आवडीनेच मला पुढे जवळजवळ मारलं, म्हणून ती आधीच सांगून ठेवलेली बरी.

चिखल्या

माझी मुलगी ईश्वरी तीन वर्षांची होती, तेव्हाचा पावसाळा. पायाच्या बोटांमध्ये भयंकर खाज सुटली, बारीक पुरळ आलं. आमच्याकडे याला चिखल्या म्हणतात आणि चिखल्यांसाठी कुणी दवाखान्यात जात नाही. आईने हळद आणि खोबरेल लावलं, आठवड्यात खाज गेली. मी विसरलो.

आमच्या घरची एक रीत आहे. गोठ्यात चप्पल घालून जायचं नाही. म्हैस म्हणजे लक्ष्मी, तिच्यासमोर पायताण नको. नोकरी लागली तरी सकाळचं शेण काढायचं काम मी सोडलं नव्हतं, आणि ते अनवाणीच. माझ्या लग्नाच्या वर्षी आम्ही गोठ्यामागे संडास बांधला. गावात आधी बांधणाऱ्यांपैकी आम्ही. त्याचा खड्डा मात्र उथळ निघाला. जोराचा पाऊस झाला की तो भरून गोठ्याच्या अंगाला वाहायचा. आम्ही वरून राख टाकायचो आणि त्यातूनच चालायचो.

हे सगळं मी आता जोडून लिहितोय. तेव्हा काहीच जोडलं गेलं नव्हतं.

पुढच्या वर्षभरात बेंबीच्या वर कुरतडल्यासारखं दुखू लागलं. खाल्लं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा. शाळेचा एक जिना चढलो तरी कठड्याला धरून उभा राहायचो. आणि मग डोकं. फळ्यावर वाक्य लिहिताना मधलाच शब्द हरवायचा. नववीच्या वर्गात एकदा 'पेशी' हा शब्द मला आठवेना. दहा वर्षं शिकवलेला शब्द! मी वर्गाकडे पाठ करून उभा राहिलो आणि पोरं माझी वाट बघत राहिली.

शेवटी भीती आली. तिला काही कारण नसायचं. दुपारच्या सुट्टीनंतर आधी पोट पिळवटायचं, मग छातीत धडधड सुरू व्हायची आणि मग वाटायचं, आता काहीतरी भयानक होणार. आधी पोट, मागून भीती. हा क्रम मी नीट पाहिला होता. विज्ञानाचा माणूस ना मी. पण पाहूनही मला त्याचा अर्थ लागला नाही.

खडू

हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

मला खडू खावासा वाटू लागला. कसा ते सांगता येणार नाही. ज्यांना तंबाखूची तलफ माहीत आहे त्यांना कळेल. हातात खडू घेतला की तोंडाला पाणी सुटायचं. आधी नुसता टोकाला जीभ लावली. मग तुकडा. मग दिवसाला तीन-चार अख्खे. प्रयोगशाळेच्या कपाटाआड उभा राहून मी ते कडाकडा चावायचो आणि तेवढा वेळ मला बरं वाटायचं.

आठवीची एक मुलगी एकदा पहिल्या बाकावरून म्हणाली, "सर, तुमच्या व्हटाला खडू लागलाय."

वर्ग हसला. मीही हसलो. दोन दिवसांनी तिनेच मला कपाटाआड पाहिलं. ती वही ठेवून निघून गेली. आठवड्याभरात मात्र सगळ्या शाळेला माहीत झालं. शिक्षकांच्या खोलीत मी गेलो की बोलणं थांबायचं.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही. समोरचा चहा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सर, पालकांचे फोन येतायत. तुम्ही रजा घ्या. आणि परत येताना मानसिकदृष्ट्या शिकवायला योग्य आहात असा डॉक्टरांचा दाखला आणा. दाखल्याशिवाय मला तुम्हाला वर्गावर पाठवता येणार नाही."

मी "बरं" म्हणालो. मोटारसायकल सुरू करताना माझ्या डोळ्यांसमोर मेढीला बांधलेला तात्या होता. आता माझी पाळी, एवढंच मनात आलं.

मी बोललेलं खोटं

नगरला मनाच्या डॉक्टरांकडे मी एकटा गेलो. घरी शाळेचं काम सांगितलं. डॉक्टर तरुण होते, शांतपणे ऐकणारे. मी त्यांना झोप, भीती, विसराळूपणा, सगळं सांगितलं. मोबाईलवर वाचून गेलो होतो, त्यामुळे 'डिप्रेशन' आणि 'अँझायटी' हे शब्दही मीच वापरले. खडूचं सांगितलं नाही. पोटाचं ओझरतं सांगितलं.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वेगळ्या कागदावर तपासण्या. रक्ताच्या चार-पाच आणि खाली शौचाची एक. म्हणाले, "मनाचं दुखणं वाटतं ते कधीकधी शरीराचं असतं. हे आधी करून घ्या."

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या बाईंनी मला प्लॅस्टिकची छोटी डबी दिली. माझ्यामागे रांग होती. रांगेत माझ्याच शाळेतला एक माजी विद्यार्थी होता. "नमस्कार सर," तो म्हणाला. मी डबी खिशात घातली, रक्त न देताच बाहेर पडलो आणि एस.टी. स्टँडच्या कचराकुंडीत डबी टाकली.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "तपासण्या झाल्या?"

"झाल्या. नॉर्मल आल्या. कागद घरी राहिले."

असं का केलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. खरं उत्तर लाजिरवाणं आहे. डिप्रेशन हा मला शिकलेल्या माणसांचा आजार वाटत होता. मोठमोठ्या माणसांना होतो, त्यावर लेख येतात. पोटाचे आजार, शौचाची तपासणी, हे शेंबड्या पोरांचं आणि हागणदारीत बसणाऱ्यांचं. त्यातून वर यायला मला सतरा वर्षं शाळा-कॉलेज करावं लागलं होतं. पुन्हा त्या डबीत उतरायची माझी तयारी नव्हती.

गोळ्यांनी झोप थोडी आली. बाकी काही सुटलं नाही. सुटणार कसं? अर्धा आजार मी डॉक्टरांपासून लपवून ठेवला होता.

ताट

रजेवर घरी बसलेला माणूस घराला जड होतो. मी दिवसभर खाटेवर. ईश्वरी जवळ आली तरी तिचा आवाज डोक्यात घुसायचा. एका दुपारी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मी ताट भिरकावलं. ते भिंतीला लागून ईश्वरीच्या पायाशी पडलं. ती रडली नाही. ती तिच्या आईमागे जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे अशी बघू लागली, जसा मी लहानपणी तात्याकडे बघायचो.

माझी बायको मनीषा कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. ताट उचललं, फरशी पुसली. संध्याकाळी पिशवी भरून म्हणाली, "अहो, मी कोल्हारला जाते. आईकडं."

"किती दिवस?"

"तुम्ही बरे होईस्तोवर."

"आणि न्हाई झालो तर?"

ती चपला घालता घालता थांबली. "मला तुमची भीती वाटत न्हाई," ती म्हणाली. "पर पोरीला वाटायला लागली ना, मग ती जन्मभर जायची न्हाई."

आबा त्या दोघींना स्टँडवर सोडून आले. घरात आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आई मात्र पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्याच रस्त्यानं चाललंय गं बाई ह्ये बी."

पापणी

आबांना सही येत नाही. पण जनावराचं तोंड उघडून वय सांगतील, चाल बघून खोट सांगतील. मनीषा गेल्याच्या आठवड्यात त्यांनी बाजारातून एक शेळी आणली होती. सकाळी ते तिला अंगणात धरून बसले होते. अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली, आतला रंग पाहिला आणि स्वतःशीच म्हणाले, "पांढरी फटक. जंतानं खाल्लीया."

मी खाटेवर बसून बघत होतो. त्यांची नजर वळली, माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. शेळी सोडून ते माझ्यासमोर आले.

"वर बघ."

"काय झालं?"

"वर बघ म्हनतोय ना."

शेळीचा वास असलेला तो अंगठा माझ्या डोळ्याखाली टेकला. आधी एक पापणी, मग दुसरी. मग माझा हात उलटा करून नखं पाहिली. त्यांचा चेहरा असा मी फक्त एकदाच पाहिला होता, दावणीला म्हैस मेली तेव्हा.

"जंत हायेत तुझ्या पोटात," ते म्हणाले.

"आबा, माझं डोक्याचं दुखणं हाय. डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरनं पापनी बघितली का?"

डॉक्टरांनी त्यासाठीच दिलेला तपासण्यांचा कागद मीच बुडवला होता, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

आबा गोठ्यात गेले आणि म्हशींना पाजायची जंताच्या औषधाची बाटली घेऊन आले. झाकण उघडून माझ्या अंगावरून नजर फिरवली. वजनाचा अंदाज घेत होते!

"मी काय जनावर हाय का?" मी ओरडलो.

"जनावर असतास तर कवाच बरा केला असता तुला," आबा म्हणाले. "वर्साकाठी दोनदा म्हशीला पाजतो मी. घरातल्या मानसाला पाजायचं सुचलं न्हाई आमाला. तू शिकलेला. तुला तरी सुचाय पायजे हुतं."

ते औषध मी घेतलं नाही, आणि तेवढी एक अक्कल मला शाबूत होती. नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या की जनावरांच्या काही औषधांनी माणसाचे डोळे जातात. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात ती बाटली असेल तर हे लक्षात ठेवा.

पण आबांचं बोलणं मला झोंबलं. म्हटलं, थांबा. तपासण्या करून, कागद आणून, यांच्या पुढ्यात टाकतो. बघा म्हणतो, काही नाही पोटात. बाप खोटा ठरावा म्हणून मी दुसऱ्या दिवशी नगरची गाडी पकडली. बरं व्हायचं म्हणून गेलो नव्हतो.

तो दिवस

रक्त सकाळी दिलं, डबीही दिली. दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला, "सर, तुम्ही कुठे आहात? बसून राहा. एकटे फिरू नका." माझं हिमोग्लोबिन तेरा-चौदा असायला हवं तिथे पाचच्याही खाली होतं. तपासणाऱ्या माणसाला वाटलं यंत्र बिघडलंय, म्हणून त्याने दोनदा तपासलं होतं.

मी परत गेलो. विज्ञान शिकवतो म्हटल्यावर त्याने मला आत बोलावलं. "बघायचंय सर?" सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पातळ, पारदर्शक कवच. आत चार पेशींचा गोळा. अंडं. शेजारी अजून एक. काच जरा सरकवली की अजून एक.

मी ओळखलं. न ओळखून कसं चालेल? ही आकृती मी कॉलेजात पेन्सिलीने काढली होती. अंकुशकृमी, हुकवर्म. ओल्या मातीतल्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात, तिथे खाज सुटते, पुढे आतड्याला चिकटून रक्त पितात. 'लक्षणे लिहा' या प्रश्नाला मी माती खाण्याची इच्छा हा मुद्दासुद्धा लिहिला होता. दहापैकी नऊ मार्क मिळाले होते.

त्या स्टुलावर बसून मी रडलो. तो माणूस बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. एवढी माणुसकी मला त्या दिवशी खूप झाली.

वॉर्ड

सरकारी दवाखान्यात भरती झालो. पहाटे फरशी पुसायला येत, मग सिस्टर, मग चहा, मग मोठ्या डॉक्टरांचा फेरा. फेऱ्याच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढत, त्यामुळे तेवढा वेळ प्रत्येक रोगी अगदी एकटा दिसायचा. रक्ताची पहिली पिशवी लावली तेव्हा ती फार हळू सोडली होती. हृदय थकलंय, एकदम दिलं तर झेपणार नाही, असं सिस्टर म्हणाल्या. आबा खाली जमिनीवर बसून थेंब मोजत होते.

शेजारच्या खाटेवर भिंगारचे रशीदचाचा होते, यकृताचे रोगी. लष्करी छावणीतल्या गोदामात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले. पोट पाण्याने फुगलेलं, तरी जीभ ताजी. माझा आजार कळल्यावर म्हणाले, "मास्तर, कशाला तोंड पाडता? माझ्या पोटात नुसतं पाणी. तुमच्याकडं निदान वस्ती हाय."

"भाडं देत नाहीत, चाचा."

"मग खाली करा ना खोली! नोटीस कशाला पायजे?"

चारएक महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो. चाचींनी आणलेल्या डब्यातली खिचडी ते सिस्टरांची नजर चुकवून मला द्यायचे. पाचव्या दिवशी सकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली आणि त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. दुपारी चाची एकट्याच आल्या. खाटेखालचा थर्मास उचलला. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "पडून राहा बेटा. आज काही खाल्लं का तू?" एवढं विचारून त्या गेल्या. त्या खाटेवर तासाभरात दुसरा रोगी आला.

पोट आणि मेंदू

वॉर्डच्या डॉक्टरबाई फटकळ होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं. खडू, ताट, डबी आणि खोटं. त्यांनी मान वर करून विचारलं, "आणि तुम्ही मुलांना विज्ञान शिकवता?"

"हो."

"बरंय."

मग त्या खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "पोटाचं आणि मेंदूचं सारखं बोलणं चालू असतं. नसांमधून, रक्तातून. आतड्याला महिनोन्‌महिने जखमा होत असतील, सूज असेल, तर ती खबर वर पोचतेच. त्यात तुमचं लोह संपलेलं. मेंदूला लोह लागतं, रक्त लागतं. मग विसरायला होतं, चिडचिड होते, घाबरायला होतं. खडू खावासा वाटणं हे त्याच उपासमारीचं."

"म्हणजे मी वेडा नाही?"

"वेडा हा शब्द मी वापरत नाही. आणि सगळं जंतांनीच केलं असंही मी लिहून देणार नाही. किती त्यांचं, किती रक्ताचं, किती तुमच्या मनातल्या जुन्या भीतीचं, हे असं वेगळं काढता येत नाही. यावर अजून पुष्कळ शोधायचं बाकी आहे. मनाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्या डॉक्टरांकडे जायचं आणि खरं सांगायचं."

कोणत्या गोळ्या, किती दिवस, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तुमचं वजन वेगळं, रक्त वेगळं. तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि डबी दिली तर भरून द्या.

माती

घरी सोडायच्या आदल्या दिवशी आबा खाटेशेजारी बसले होते. डॉक्टरबाईंचं सगळं बोलणं मी त्यांना आमच्या भाषेत समजावून सांगितलं. खडूचंही सांगितलं.

मग आबा म्हणाले, "तात्या भित खायचा."

मला कळेना. "भीत?"

"गोठ्याची भित. मातीची हुती तवा. नखानं खरवडून खायचा. म्या हातावर मारायचो त्याच्या." त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "पांढरा पडला हुता कागदासारका. समद्यांनी बघितलं. म्या बी बघितलं. जनावर असतं तर पापनी वढली असती."

"आबा, तात्याला हेच झालं होतं असं आता कोन सांगनार?"

"कोनीच न्हाई," ते म्हणाले. "म्हनून तर."

त्यानंतर आम्ही दोघेही तात्याविषयी बोललेलो नाही.

घरी

जंत गेले म्हणून भीती दुसऱ्या दिवशी गेली, असं झालं नाही. पोट महिनाभरात शांत झालं. खडूची तलफ तर दोन आठवड्यांतच इतकी पूर्ण गेली की आश्चर्य वाटावं. शब्द हळूहळू परत आले. भीती सगळ्यात शेवटी. कधी दुपारी पोटात गुरगुरलं तरी घाम फुटायचा, म्हणजे कारण गेलं तरी शरीराला सवय उरली होती. मनाच्या डॉक्टरांना मी खोटं कबूल केलं. ते रागावले नाहीत, पण माझा जुना कागद काढून त्यावरची 'तपासण्या नॉर्मल' ही ओळ त्यांनी माझ्यासमोर खोडली. ती रेघ मला अजून दिसते.

घरातल्या सगळ्यांची तपासणी केली, मनीषाच्या आणि ईश्वरीच्या डब्या कोल्हारहून मागवून. आईच्या तपासणीत जंत निघाले. आणि ईश्वरीच्या. चार वर्षांची पोर माझ्यामागे गोठ्यात अनवाणी पळायची. तिचा कागद हातात घेऊन मी कोल्हारच्या त्या घरात मनीषासमोर उभा राहिलो तेव्हा मला वाटलं, आता ही दार लावणार. तिने कागद वाचला, ईश्वरीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "औषध कवा द्यायचं?" मग, "तुम्ही जेवलात का?" ती आणखी दोन महिने माहेरीच राहिली. मी दर रविवारी जायचो. ईश्वरी पहिल्या दोन रविवारी माझ्याजवळ आली नाही.

गोठ्यातल्या चपलेवरून आबांशी माझं मोठं भांडण झालं. "लक्ष्मीम्होरं पायतान? माज्या जित्तेपनी न्हाई." मी म्हणालो, "मग मी तपासणीचे कागद गोठ्यात लावतो, लक्ष्मीलाच वाचू द्या." ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी घोडेगावहून गुडघ्याएवढ्या रबरी बुटांचे चार जोड घेऊन आले. म्हणाले, "ह्ये पायतान न्हाई. ह्ये अवजार हाय." मी वाद घातला नाही. संडासाचा खड्डा बुजवून तो गोठ्यापासून लांब, उंचावर, दोन शोषखड्ड्यांचा केला. खोदकाम आबांनी स्वतः केलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या जागी दुसरे शिक्षक होते. दाखला मिळायला दिवाळी उजाडली. मनाच्या डॉक्टरांनी तीन वेळा नीट तपासून, मग लिहून दिला. गोळ्या त्यांनीच सावकाश कमी करत पुढच्या उन्हाळ्यात थांबवल्या.

दिवाळीची सुट्टी संपली त्या सोमवारी मी शाळेत रुजू झालो. ईश्वरी आणि मनीषा त्याआधीच घरी आल्या होत्या. घरातल्या पाचही जणांच्या तपासण्या आता स्वच्छ आहेत. गेल्या वर्षी दहावीचा विज्ञानाचा सगळा अभ्यासक्रम मी एकट्याने, एकही तास न चुकवता, शिकवून पूर्ण केला.